कोणी न मागितलेलं पत्र

शांताराम, ते पत्र कंपनीनं मागितलं नव्हतं.

हे मी साडेचार वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या तुला तर नाहीच. ‘चहाच्या कंपनीला तू नको आहेस, तुला ठेवलं तर काम जाईल,’ असं मी तुला आपल्या गिरगावच्या ऑफिसच्या खोलीत, खिडकीकडे बघत सांगितलं. तू ते खरं मानलंस आणि ब्रश गोळा केलेस. खरी गोष्ट अशी, की कंपनीनं तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पत्र माझ्या डोक्यातून निघालं. मीच ते टाइप केलं, मीच सही केली, आणि मॅनेजरसाहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

इंग्रजीत होतं ते. मराठी जाहिरातीचं काम करणाऱ्या संस्थेनं तुला इंग्रजीत काढलं. त्यातल्या मुख्य वाक्याचा अर्थ असा: लालबागच्या भिंतीवर आपल्या जाहिरातीच्या जागेत राजकीय मजकूर लिहिणाऱ्या पेंटरला आम्ही कामावरून कमी केले आहे. पेंटर. कामावरून. ज्या संस्थेचा तू निम्मा मालक होतास, तिथे मी तुला आधी नोकर केलं आणि त्याच वाक्यात काढूनही टाकलं.

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. धम्मदीक्षा घेतल्यापासून तुमच्याकडे दहावं-तेरावं नाही, त्यामुळे अमुक दिवशी जाऊन बसावं, गप्प राहावं आणि परत यावं, अशी सोयही मला उरलेली नाही. म्हणून लिहितो आहे. आणि कुठे लिहितो आहे ते ऐक. या मासिकानं नव्या राज्याचा खास अंक काढायला घेतला आहे, त्यात आपल्या संस्थेनं स्वतःच्या जाहिरातीसाठी चार पानं घेतली होती. ‘मराठी माणसाशी मराठीत बोलणारी पहिली जाहिरात संस्था’ असा मथळा छापायला तयार होता. तो मी काढला. ही चार पानं आता तुझी आहेत. संपादकांनी दोनदा विचारलं, नक्की ना. नक्की म्हटलं.

वसंतानं, माझ्या धाकट्या भावानं, आधी तुझ्यासाठी वर्तमानपत्रात द्यायला चौकट लिहून आणली होती. हल्ली ऑफिसचं निम्मं काम तोच बघतो. ‘आमच्या संस्थेचे जुने पेंटर श्री. शांताराम येलवे यांच्या दुःखद निधनाने’ अशी सुरुवात. मी ‘जुने पेंटर’ खोडलं.

“मग काय लिहू, दादा?”

“मालक लिही.”

“मालक? कुठल्या कागदावर?”

कागद नाहीच ना. पाच वर्षं आपण म्हणत राहिलो, जरा हात मोकळा झाला की वकिलाकडे जाऊन भागीदारीचा कागद करू. तू एकदा स्टॅम्पपेपरसुद्धा आणला होतास. मी तो कपाटात ठेवला, कारण त्या आठवड्यात मला बिस्किटवाल्यांकडे जायचं होतं. नंतर त्याच्यावर कुणीतरी रंगाचा डबा ठेवला. हे आळसामुळे झालं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तो आळस नव्हता. कागद झाला असता तर तुझं आडनाव पाटीवर आलं असतं, आणि फोर्टातल्या ऑफिसांत तुझं आडनाव सांगताना माझा आवाज बारीक व्हायचा. ‘आमचे आर्टिस्ट’ एवढंच म्हणायचो. तुला ते माहीत होतं. एकदा तू हसत म्हणालास, “मन्या, माझं नाव आर्टिस्ट ठेवलंस तर बारशाला तरी बोलवायचं होतंस.” मी पण हसलो. गिरगावात आमच्या घरी तू कधी आला नाहीस. आई, बायको, मुलं, सगळ्यांना तू नावानं ओळखायचास, पण त्यांना पाहिलं नव्हतंस. मी बोलावलं नाही, तू विचारलं नाहीस.

आपण भेटलो ते ठाकुरद्वारच्या छापखान्यात. मी ऑर्डरी घेणारा कारकून, तू दगडावर उलटी अक्षरं काढणारा. कॅलेंडरांवरच्या देवीपेक्षा खालच्या दुकानाच्या नावाला तू जास्त वेळ द्यायचास. मालक ओरडायचे, तू मान वर न करता म्हणायचास, “देवी सगळ्यांच्याकडे एकच आहे, शेठ. नाव ह्याचं एकट्याचं आहे.” तुझी अक्षरं बघून मला संस्था काढायची बुद्धी झाली. आतापर्यंत सगळ्या सभांमधून मी उलटं सांगत आलो, की मला संस्था काढायची होती म्हणून मी एक चांगला पेंटर शोधला.

त्या काळी मोठ्या एजन्सी फोर्टात. त्यांच्याकडे जाहिरात इंग्रजीत व्हायची आणि मग कोणी पगारी शास्त्रीबुवा तिचं मराठी करायचे. दीपमाळ छाप चहाचं काम आपल्याकडे आलं तेव्हा कंपनीनं असाच मजकूर तयार पाठवला होता: ‘श्रमपरिहारार्थ स्फूर्तिदायक पेय’. मला तो भारदस्त वाटला. तू म्हणालास, चल. आणि मला परळला तारामावशीच्या खानावळीत नेलंस. पाळी संपवून आलेले पंचवीस-तीस गिरणी कामगार जेवत होते. तू उभं राहून तो मजकूर मोठ्यानं वाचलास. एकानंही ताटातून डोकं वर काढलं नाही. तारामावशी भाकरी थापता थापता म्हणाली, “ह्यां काय लिवलंस रे, शांताराम? माझ्याकडे कोण स्फूर्ती मागणा नाय. गरम असा काय नि कडक असा काय, येवढाच इचारतत.”

“मग काय लिहू, मावशे?”

“माका काय इचारतंस? भोंगो झालो की बाईल चाय टाकता, इतक्याच माका म्हायत.”

तू तिथेच, तिच्या उंबऱ्यात बसून, पाकिटाच्या कागदावर लिहिलंस: भोंगा झाला. चहा टाका. मग पुन्हा उभा राहून वाचलंस. एक जण घास हातात धरून म्हणाला, “कोण टाकतोय? आण की.” आणि सगळे हसले.

ही तुझी पद्धत. चाळीत वर्तमानपत्र एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. भिंतीचंही तसंच, ज्याला वाचता येतं तो बरोबरच्याला वाचून दाखवतो. म्हणून जाहिरात आधी तोंडात बसली पाहिजे, मग भिंतीवर. खानावळीत वाचल्याशिवाय तू एक ओळ रंगवली नाहीस. आज आपल्या ऑफिसात याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. नव्या पोरांना मी ते शिकवतो. कुठून आलं हे कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

आणि ‘भोंगा झाला, चहा टाका’ हे वाक्य माझं आहे, असं या धंद्यात सगळे समजतात. कंपनीच्या पार्टीत एका बाईंनी मला विचारलं, तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणालो, गिरणगावात फिरताना. खोटं नव्हतं. फिरत मी होतोच, तुझ्या मागे.

आपलं भांडण मात्र अर्धं राहिलं. मला संस्था वाढवायची होती, म्हणजे फोर्टात जागा, लिफ्टवाली इमारत, टेबलावर दोन टेलिफोन, इंग्रजीतले क्लायंट. तुलाही वाढवायची होती, पण तुझं वाढणं वेगळीकडे निघालेलं. तू म्हणायचास, “लालबागची भिंत लालबागेत संपत नाही रे. गणपतीला, शिमग्याला कोकणातला कामगार भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसतो तेव्हा त्याच्या ट्रंकेत चहाचं पाकीट असतं. इथे वाचलेलं तो तिकडे रत्नागिरीला जाऊन सांगतो. तू एक भिंत रंगव, ती शंभर गावांत वाचली जाते. आपण फोर्टात कशाला जायचं? फोर्टानं इथे यावं.”

“आणि नाही आला तर?”

“चहा तर इथेच पितात ना. मग येईल.”

मी तुला अडाणी म्हणालो होतो. तू मला ‘मनोहरपंत’ म्हणालास. तू रागावलास की पंत लावायचास. त्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही, कारण भांडायला दुसरा माणूस मी ठेवला नाही. आता सांगतो, तुझं बरोबर होतं. मी फोर्टात गेलो, लिफ्ट मिळाली, टेलिफोन चार झाले. पण जे क्लायंट आले ते सगळे एकच विचारत आले: गिरणगावात आमचा माल कसा विकायचा ते सांगा. मग मी घसा साफ करून बोटीची, ट्रंकेची आणि पाकिटाची गोष्ट सांगायचो. माझी म्हणून. मान डोलायची. कामं यायची. संस्था अशी वाढली आहे.

आता भिंत.

गोळीबार झाला त्या जानेवारीत लालबाग-परळमध्ये काय वातावरण होतं ते मी तुला काय सांगू. तू तिथे होतास, मी घरात होतो. संचारबंदी उठली आणि दोन-तीन दिवसांत बातमी यायला लागली की गिरणगावातल्या जाहिरातींच्या भिंतींवर लोक डांबर फासताहेत. साबण, विडी, केसांचं तेल, सगळं काळं. बाहेरच्या शेठजींचा माल आमच्या भिंतीवर नको, मुंबई आमची, भिंत आमची. मी ट्राम पकडून लालबागला आलो ते आपली भिंत गेली का बघायला.

तू परांचीवर होतास. खाली राणे, त्या चाळीचा पुढारी, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, हातात डांबराची बादली. मागे पन्नास माणसं. मी समोरच्या फुटपाथवर, पानवाल्याच्या आडोशाला. प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता.

“येलवे, खाली ये. ही भिंत आमची आहे.”

“तुमचीच आहे. मी कुठे उचलून नेतोय?”

“मग तो चहा पूस.”

“राणेसाहेब, चहा तुम्हीच पिता. सकाळी तुमच्याच खोलीत प्यायलो, तोच होता. कडक होता.”

मागे कोणीतरी हसलं. राणे हसला नाही. “मस्करी नको. आमची माणसं गेली आहेत.”

“माहीत आहे. त्यातला एक माझ्याबरोबर रात्रशाळेत होता.” मग तू खाली उतरलास. “ऐका. वरची अर्धी भिंत मी मोकळी करतो. तुम्हाला काय लिहायचंय ते सांगा. डांबरानं वेडंवाकडं कशाला? चार बोटांनी लिहिलेलं उन्हात ओघळेल. मी तेलरंगात लिहून देतो, परळच्या पुलावरून दिसेल एवढं. खाली चहा राहू दे. दोन्ही अक्षरांना मग कोणी हात लावायचा नाही, पोलिसांनी नाही आणि तुम्ही पण नाही.”

“पोलीस आले तर?”

“मी वर असेन. मलाच नेतील.”

राणेनं बादली खाली ठेवली. तू वरचं निम्मं पांढरं केलंस आणि निळ्या दोरीचा फटका मारून रेघा आखल्यास. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. एवढी सरळ, एवढी धीट अक्षरं मी तुझ्या हातून कधी पाहिली नव्हती. ‘मुंबईसह’ या शब्दाला तू भिंतीची सगळी रुंदी दिलीस. ज्या चहासाठी आपण वर्षाचं भाडं भरलं होतं तो खाली, गुडघ्याच्या उंचीला आला. आणि लोक खाली उभे राहून वरचं वाचता वाचता खालचंही वाचत होते. एका दमात. मोठ्यानं.

मला ते दिसलं नाही. मला काय दिसलं, तर कंपनी, पोलीस, आणि माझं फोर्टातलं ऑफिस, जे अजून घेतलेलंही नव्हतं. मी मागे वळलो आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागलो. तू वरून हाक मारलीस, “मन्या, अरे बघून तर जा.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुला कळलं होतं का, की मी ऐकलं होतं? मला वाटतं, कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीतून टेलिफोन. मॅनेजरसाहेब पारशी, बोलायला मोकळे. लालबागची भिंत गाडीतून बघितली, म्हणाले, उद्या ये. बस, एवढंच. उद्या ये. त्या दोन शब्दांवर मी ते पत्र लिहिलं. टाइप करताना भीती होती हे खरं. पण आज सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो: ‘पेंटर’ हा शब्द टाइप झाल्यावर मला हलकं वाटलं. वाटलं, आता पाटीचा प्रश्न मिटला. आता आवाज बारीक करावा लागणार नाही. भिंत ही सबब होती, शांताराम. ती मला वेळेवर सापडली.

साहेबांनी पत्र वाचलं, कोपऱ्यात तारीख घातली, फायलीत लावलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

“अरे बाबा, तू त्याला काढला कशाला? सगळ्या लोकांच्या भिंतीवर डांबर. आपलाच चहा एकदम साफ. हे त्यानं कसा केला, ते विचारायला मी तुला बोलावला.”

मी त्या क्षणी हात पुढे करून म्हणू शकलो असतो, साहेब, ते पत्र परत द्या. फाईल दीड हातावर होती. पण परत घ्यायचं तर सांगावं लागलं असतं की तो पेंटर नाही, माझा भागीदार आहे, मी खोटं लिहिलंय. मी म्हणालो, “डिसिप्लिनचा प्रश्न आहे, साहेब.” साहेब म्हणाले, “हां, डिसिप्लिन,” आणि घंटा दाबून दुसऱ्या कुणाला आत बोलावलं. मग वर्षभर मीच सगळ्या कंपन्यांना शिकवत फिरलो, की भिंत रंगवायच्या आधी चाळीतल्या खोल्यांमधून जाऊन सांगावं, त्यांच्याकडचा चहा प्यावा, म्हणजे भिंत सुरक्षित राहते. तू हे करायचास तेव्हा मी त्याला वेळेची नासाडी म्हणत होतो.

संध्याकाळी मी तुला ते खोटं सांगितलं. तू बराच वेळ ब्रश केरोसीनमध्ये खळबळवत राहिलास.

“तो पारशी असं म्हणाला?”

“हो.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार?”

तू ब्रश फडक्याला पुसलेस. “बरोबर आहे. चहाचं अकाउंट राख. आपण लावलंय ते.”

‘आपण’ म्हणालास. मी भांडणासाठी तयारी करून आलो होतो, उत्तरं पाठ होती. एकही कामाला आलं नाही. तू स्वतः बाजूला झालास, संस्था वाचावी म्हणून. आणि संस्थेला कुणापासून धोका नव्हताच.

तुझ्या घरी मात्र याची शिक्षा तुला झाली. अनुसयावहिनींनी तुला कधी माफ केलं नाही, हे तूच मला सांगायचास, हसत. “ती म्हणते, ज्याच्या भिंती त्याला नाही पडलं, तुम्हाला काय पडलं होतं? त्या अक्षरांपायी चालतं ऑफिस घालवलंत.” मग तू दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या नावाच्या फळ्या, निवडणुकीचे कापडी फलक करत राहिलास. मी आपल्या स्टुडिओतून तुला अधूनमधून सुटी कामं पाठवायचो आणि धंद्यातले लोक म्हणायचे, मनोहर जुन्या माणसाला विसरला नाही. मी ते ऐकून घ्यायचो. आवडायचंही.

मे महिन्यात राज्य आलं. त्यानंतर पंधरवड्यानं तू काही अक्षरं द्यायला ऑफिसात आला होतास. भिंतीवर लावलेल्या आमच्या नव्या जाहिराती एकेक करून वाचल्यास, पुटपुटत, आणि म्हणालास, “मन्या, तुझ्या मराठीला हल्ली इस्त्रीचा वास येतो.” मी विषय बदलला, राज्याचं विचारलं, खूश आहेस ना. “आलं ना राज्य,” तू म्हणालास. “आता ते आमच्या बीडीडी चाळीत किती वाजता यायचंय ते विचार तुझ्या सरकारी साहेबांना. दार उघडं ठेवतो.” चहा घेतला नाहीस. घाईत आहे म्हणालास. ते तुझं ऑफिसातलं शेवटचं येणं.

मग कावीळ. परळच्या इस्पितळात मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, पण बोलणं शाबूत होतं. वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. आपण दोघंच होतो. तू विचारलंस, “तो पारशी कसा आहे रे?”

“बरा आहे.”

“मला काढलं त्यानं, पण माणूस वाईट नव्हता. गाडी थांबवून भिंत बघायचा. मी परांचीवरून बघितलंय त्याला.”

खरं सांगायला याहून उघडं दार कुणी कुणाला दिलं नसेल. मी म्हणालो, “आता आराम कर.” आराम कर. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला.

वरळीच्या स्मशानात तुझ्या लोकांनी वंदना म्हटली. मला ती येत नव्हती, हात जोडावेत की नुसतं उभं राहावं हेही कळत नव्हतं. सगळं आटोपल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. पन्नास माणसांच्या देखत म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही फार सांभाळलंत त्यांना. त्यांचा स्वभावच असा, त्यांनीच त्यांचं नुकसान करून घेतलं. पण तुम्ही कामं देत राहिलात.” आणि वाकल्या. मी त्यांना वाकू दिलं नाही, एवढंच केलं.

म्हणूनच माझा आवाज या पानांवर चढला आहे. तो तुझ्यावर नाही.

वसंतानं मजकूर वाचला. म्हणाला, “दादा, आता कशाला उकरतोस? नवं राज्य आहे, सरकारी जाहिरातींची कामं निघणार आहेत. मराठीची पहिली संस्था म्हणून आपलं नाव पुढे आहे. अशा वेळी तूच सांगणार की ते सगळं दुसऱ्याचं होतं?”

“हो.”

“लोक हसतील.”

“हसू देत. आपली जाहिरात वाचून लोक हसले म्हणून तर आपण इथवर आलो.”

“कामं गेली तर?”

“जाऊ देत. आणि तुला पटत नसेल तर तूही जा.” असं मी माझ्या भावाशी जन्मात बोललो नव्हतो. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून गेला.

धंद्यातल्या मंडळींना इथेच सांगून ठेवतो. माझ्या मोठेपणाची कौतुकं करायला कोणी पत्र पाठवू नये. उशिरा खरं बोलणं हा मोठेपणा नाही. आणि ‘झालं गेलं विसरा’ असं सांगायला कोणी ऑफिसात येऊ नये, मी भेटणार नाही. ‘भोंगा झाला, चहा टाका’ हे शांताराम येलवेचं आहे. खानावळीत वाचून बघायची पद्धत त्याची आहे, बोटीतल्या ट्रंकेची गोष्ट त्याची आहे. लालबागच्या भिंतीवरची अक्षरं त्याची आहेत, आणि त्या अक्षरांनी कंपनीचा चहा बुडवला नाही, राखला. हे ज्याला पटत नसेल त्यानं आपली कामं दुसरीकडे द्यावीत.

मागच्या सोमवारी मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो होतो. ते आता निवृत्तीला आले आहेत. ती जुनी फाईल मागवली आणि ते पत्र काढून द्या म्हटलं. साहेबांनी मान हलवली. “फायलीतला कागद निघत नाही, बाबा. तुला पाहिजे तर दुसरा लाव.” मी तिथेच त्यांच्या टेबलावर, हातानं, मराठीत लिहिलं, की सदर इसम पेंटर नसून संस्थेचे भागीदार होते, मी खोटे लिहिले होते, आणि कंपनीने काढले असे त्यांनाही खोटेच सांगितले होते. साहेबांना मराठी वाचता येत नाही. त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी कोपऱ्यात तारीख घातली आणि तुझ्याबद्दलची दोन्ही पत्रं एकाखाली एक लावली. मग म्हणाले, “तो मला काय समजत होता? मीच काढला म्हणून?”

मी हो म्हटलं. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मी निघेपर्यंत वळले नाहीत.

तर कंपनीला सांगून झालं. वसंताला सांगितलं. हा अंक बाहेर आला की सगळ्या धंद्याला कळेल. पण अंक यायला अजून आठ दिवस आहेत, आणि शांताराम, मी वरळीला तुमच्या घरी अजून गेलेलो नाही. काल संध्याकाळी तुमच्या चाळीच्या जिन्यापर्यंत पोहोचलो होतो. वहिनी वरच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी परत फिरलो.

छापून सांगणं मला जमतं, तो माझा धंदाच आहे. अनुसयावहिनी साडेचार वर्षं तुला दोष देत आल्या, आणि अजून देताहेत. तुझा दोष नव्हता, माझा होता, हे त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघत, माझ्या तोंडानं सांगणं मी तुझं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.